पूर्ण झालेलं सीमांकन रखडलं कसं? बाद्मेचं प्रकरण

१३ एप्रिल २००२. मी तेव्हा एका मराठी दैनिकात परदेशाच्या पानावर बसायचो. संध्याकाळी एजन्सीची कॉपी आली: हेगमधल्या पाच जणांच्या आयोगाने इथियोपिया आणि एरिट्रिया यांच्यातल्या सीमेचा निवाडा दिला. इंग्रजी कॉपीत शब्द होता 'डिलिमिटेशन'. मी मथळा केला, 'इथियोपिया-एरिट्रिया सीमांकन पूर्ण'. दोन कॉलमात चपखल बसला आणि पान सुटलं.

दीडेक वर्षाने त्याच सीमेची बातमी पुन्हा हाताशी आली. या वेळी शब्द होता 'डीमार्केशन', आणि ते बेमुदत लांबणीवर पडलं होतं. मी लिहिलं, 'सीमांकन रखडलं'. आठवड्याभरात एक पोस्टकार्ड आलं. बारीक, सरळ अक्षर आणि मजकूर दोनच ओळींचा: 'गेल्या वर्षी आपण सीमांकन पूर्ण झाल्याचे छापलेत. पूर्ण झालेले सीमांकन रखडले कसे, ते कळवावे.' सहीखाली लिहिलं होतं, 'निवृत्त भूकरमापक'.

पहिल्यांदा राग आला. मग दोन्ही कॉप्या शोधून शेजारी ठेवल्या आणि लक्षात आलं की आजोबांनी बरोबर पकडलंय. इंग्रजीत दोन निराळे शब्द होते आणि मी दोघांना एकच टोपी घातली होती. त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत तेव्हा दोन देशांची सैन्यं आणि संयुक्त राष्ट्रांचे काही हजार शांतिसैनिक उभे होते. त्यात भारतीय लष्कराच्या तुकड्याही होत्या.

त्या फटीचं हे प्रकरण.

दोन शब्द, दोन कामं

हा फरक नेमक्या भाषेत मांडणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. हेन्री मॅकमहॉन. 'मॅकमहॉन रेषा'वाला. १८९४ ते १८९६ या काळात तो बलुचिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यामधली हद्द जमिनीवर घालत फिरत होता. म्हणजे ड्युरँड रेषेच्या दक्षिण भागात, उंटांवर सामान लादून, वैराण मुलखात खांब उभारत. पुढे उतारवयात, १९३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये आंतरराष्ट्रीय सीमांवर बोलताना त्याने दोन शब्दांची वाटणी करून दिली. तहाने किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने सीमारेषा ठरवायची आणि ती शब्दांत लिहून काढायची, याला डिलिमिटेशन म्हणायचं. ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर उतरवून खांब किंवा तशा खुणांनी दाखवायची, ते डीमार्केशन. पहिलं काम टेबलावर होतं, दुसऱ्याला रानात जावं लागतं.

गंमत अशी, की ज्या रेषेला त्याचं नाव चिकटलं ती १९१४ची रेषा पहिल्याच कामावर थांबली. नकाशा एका इंचाला आठ मैल अशा प्रमाणाचा. त्यावर मिलिमीटरभर जाडीची रेघ ओढली तरी तिच्याखाली जमिनीवरचा अर्धा किलोमीटर झाकला जातो. तिथे खांब कधी रोवले गेले नाहीत. त्याची किंमत आपण १९६२ साली मोजली आणि अजून मोजतो आहोत.

मराठी वाचकाला हा फरक खरं तर समजावून सांगावा लागू नये. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, पश्चिमेस अमक्याचा गट, उत्तरेस तमक्याचा. हे झालं डिलिमिटेशन. मग एक दिवस शेजाऱ्याचा नांगर दोन तासं आत येतो, आपण भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचे पैसे भरतो, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार येतो, खुणा दाखवतो, दगड रोवले जातात आणि 'क' प्रत हातात पडते. हे डीमार्केशन. कागद पक्का असूनही बांधावर कुऱ्हाडी निघतात, हे आपल्याकडे कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात बसलं की दिसतं.

घोळ झाला तो आपल्या शब्दांत. इंग्रजी-मराठी कोशांतून आणि वर्तमानपत्रांतून 'सीमांकन' हा एकच शब्द दोन्हींसाठी फिरतो. त्यात भर म्हणजे भारतात डिलिमिटेशन म्हटलं की मतदारसंघांची पुनर्रचना डोळ्यांपुढे येते. योगायोगाने तो कायदाही २००२चाच. मतदारसंघांच्या हद्दीवर कुणी खांब रोवत नाही. तिथे पहिलं काम झालं की सगळं झालं, म्हणून दुसऱ्या शब्दाची आठवणच येत नाही.

शंभर वर्षं टिकलेला आळस

एरिट्रिया ही इटलीची वसाहत. १८९६मध्ये आडवाच्या लढाईत इथियोपियाचा सम्राट मेनेलिक याने इटलीचा पराभव केला, आणि मग दोघांनी तह करून सीमा लिहून घेतली. तीन तह झाले: १९००, १९०२ आणि १९०८. प्रत्येकात सीमेचा एकेक तुकडा.

१९०२च्या तहातलं पश्चिमेकडचं कलम नीट वाचण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी आग त्यातून निघाली. मथितार्थ असा: खोर उम हागर जिथे सेतित नदीला मिळतो तिथून सीमा सेतितच्या पात्राने मैएतेबच्या संगमापर्यंत जाईल. मग मैएतेबच्या प्रवाहाने, आला ताकुरा हा डोंगर एरिट्रियाकडे ठेवून, मारेब आणि माई अंबेसा यांच्या संगमाला मिळेल. या दोन संगमांमधली रेषा इटालियन आणि इथियोपियन प्रतिनिधी अशी ठरवतील, की कुनामा जमात एरिट्रियाकडे राहील.

हे आपल्या खरेदीखतासारखंच आहे. ओढा, डोंगर, शेजारी. आणि ओढ्यांची नावंही आपल्यासारखीच: तिथल्या भाषेत 'माई' म्हणजे पाणी आणि 'अंबेसा' म्हणजे सिंह, तेव्हा माई अंबेसा म्हणजे सिंहाचं पाणी. आपल्याकडे वाघजई आणि वाघाळी असतात तसंच.

पण शेवटचं वाक्य पाहा. दोन संगम ठरले, मधलं 'प्रतिनिधी ठरवतील'. तहाच्या इंग्रजी प्रतीत तिथे क्रियापद आहे 'डिलिमिट'. मॅकमहॉनची वाटणी लावली तर हा शब्द चुकीच्या जागी बसलाय असं वाटतं, कारण प्रतिनिधींनी जाऊन करायचं ते काम जमिनीवरचं. पण कुनामा वस्त्या कुठवर पसरल्यात हे पाहून रेषा ठरवायची म्हणजे ते पहिलंच काम अर्धवट सोडून दिल्यासारखं होतं. दोन्ही कामं एका क्रियापदात कोंबली आणि प्रतिनिधी कधी गेलेच नाहीत.

१९०८चा तह पूर्वेचा. त्यात सांगितलं की सीमा समुद्रकिनाऱ्याला समांतर, ६० किलोमीटर आतून जाईल आणि दोन्ही सरकारं लवकरात लवकर ती जमिनीवर नक्की करतील. किनारा वाकडातिकडा असेल तर समांतर कशाला म्हणायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आणि 'लवकरात लवकर' म्हणजे काय ते आपल्या सरकारी कचेऱ्यांना माहीत आहेच.

मधल्या, १९००च्या तुकड्यात नद्यांच्या नावांची साखळी दिलेली, सोबत नकाशा. पण नकाशावरच्या नद्या जमिनीवरच्या नद्यांशी जुळेनात. शंभर वर्षांनी आयोगाला बेलेसा नदीच्या दोन फाट्यांना 'अ' आणि 'ब' अशी नावं देऊन तहातली बेलेसा कोणती, यावर पानंच्या पानं लिहावी लागली.

इतकी वर्षं कुणाचं अडलं का नाही? कारण १९३५-३६मध्ये इटलीने इथियोपियाच गिळला, मग ब्रिटिश आले, १९५२ला एरिट्रिया इथियोपियाशी संघराज्यात जोडला गेला आणि १९६२ला पुरता विलीन झाला. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बांध कुठे यावरून कोण भांडणार? वाटणी झाली १९९३ला, तीस वर्षांच्या सशस्त्र लढ्यानंतर आणि सार्वमताने. दोन्हीकडचे नेते, इथियोपियाचे मेलेस झेनावी आणि एरिट्रियाचे इसायास अफवेर्की, जुन्या लष्करी राजवटीविरुद्ध एका बाजूने लढलेले. भाऊ वेगळे झाले, पण मोजणी कुणी बोलावली नाही. आफ्रिकी देशांनी १९६४ साली कैरोत ठराव केलेला होता की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा असतील त्याच पाळायच्या. ठराव शहाणा होता. तो लावायला आधी सीमा कुठे आहे ते माहीत हवं, एवढीच अडचण.

बाद्मे

मे १९९८. सेतित आणि मारेब यांच्यामधल्या त्या न ठरलेल्या पट्ट्यात बाद्मे नावाचं गाव आहे. धुळीचं, बाजाराचं, काही हजार वस्तीचं. तिथे ६ मेला सुरुवातीची चकमक झाली, १२ मेला एरिट्रियाचं सैन्य रणगाड्यांसह आत आलं. १९९८ ते २००० या दोन वर्षांत दोन अत्यंत गरीब देशांनी खंदकांतलं युद्ध केलं. मेलेल्यांचा आकडा ७० हजारांहून अधिक असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. बाद्मेत सोनं नाही, तेल नाही. जो तो विचारायचा, या गावासाठी?

जून २०००मध्ये लढाई थांबली. १२ डिसेंबर २०००ला अल्जिअर्समध्ये करार झाला. त्याच्या चौथ्या कलमात तटस्थ सीमा आयोग नेमायचं ठरलं आणि आयोगाचं काम दोन क्रियापदांत लिहिलं गेलं: वसाहतकालीन तहांच्या आधारे सीमा 'डिलिमिट' आणि 'डीमार्केट' करणं. दोन्ही निर्णय अंतिम आणि बंधनकारक असतील हेही लिहिलं. आणखी एक अट होती, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या कोंडीची किल्ली तीच: न्याय्य वाटतं म्हणून काही ठरवायची मुभा आयोगाला नाही. तह आणि कायदा काय म्हणतो तेवढंच.

मसुदा लिहिणाऱ्यांनी चूक केली असं म्हणता येत नाही. दोन शब्द वेगळे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी धरून चालण्याची चूक केली. पहिलं झालं की दुसरं मागोमाग येईलच, ते काय, खांब रोवण्याचं काम, कंत्राटदार करतील.

आयोगाचे अध्यक्ष होते ब्रिटिश कायदेपंडित सर एलिहू लाउटरपाख्त. एप्रिल २००२चा निवाडा जाडजूड आहे. त्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे सीमेवरचे बिंदू क्रमांक देऊन ठरवले, शेवटचा ४१ क्रमांकाचा जिबूतीच्या हद्दीवर. ज्या मैएतेबच्या नावाने तहाने सीमा वळवली, तो ओढा नेमका कोणता यावर दोन्ही पक्षांचं जमत नव्हतं. सगळं तपासून आयोगाने सांगितलं की सीमा सेतितच्या पात्राने तोम्साच्या संगमापर्यंत येते, म्हणजे ६ क्रमांकाच्या बिंदूपर्यंत, आणि तिथून ईशान्येला वळून थेट सरळ रेषेत मारेब आणि माई अंबेसाच्या संगमाला मिळते, ९ क्रमांकाच्या बिंदूला. मध्य भागात काही गावं इकडे, काही तिकडे. झालांबेसा इथियोपियाला, त्सेरोना एरिट्रियाला. पूर्वेला बुरे इथे तर दोन्ही देशांच्या तपासणी नाक्यांच्या बरोबर मधून रेषा काढली.

आणि बाद्मे? निवाड्याच्या निर्णायक परिच्छेदांत बाद्मे कोणाकडे ते सांगितलेलंच नाही. रेषेचे बिंदू आहेत, अक्षांश-रेखांश आहेत, गावाचा निकाल नाही. वेगवेगळ्या नकाशांवर बाद्मे वेगवेगळ्या जागी दाखवलेलं होतं. म्हणून त्या दिवशी एक अजब दृश्य दिसलं: आदिस अबाबात इथियोपियाचे परराष्ट्रमंत्री सेयुम मेस्फिन यांनी बाद्मे आपल्याला मिळाल्याचं जाहीर केलं आणि एरिट्रियाची राजधानी असमाराही विजयाच्या सुरात बोलू लागली. ज्या गावासाठी माणसं मेली ते दोघांनाही मिळालं होतं, कारण कागदावरची रेषा जमिनीवर कुठे पडते ते अजून कुणी जाऊन पाहिलेलं नव्हतं.

पाहिल्यावर कळलं की रेषा गावाच्या पूर्वेकडून जाते. गाव एरिट्रियात.

एकाच शब्दाचे दोन अर्थ लावणारे दोन देश

इथून पुढे वाद जमिनीचा राहिला नाही. तो 'डीमार्केशन' या शब्दात काय काय येतं याचा झाला.

इथियोपियाचं म्हणणं असं: रेषा कागदावर काढली ती ठीक. पण ती जमिनीवर उतरवताना गावं, शेतं, चर्च, कबरस्तान मध्ये येतील, एखादं घर अर्धं इकडे अर्धं तिकडे होईल. तिथे शहाणपणाने थोडं इकडेतिकडे सरकवणं हाच तर जमिनीवरच्या कामाचा अर्थ. शिवाय, आयोगानेच लिहिलंय की प्रत्यक्ष आखणीच्या वेळी बिंदूंचे आकडे नव्याने काढून अधिक अचूक केले जातील.

एरिट्रियाचं म्हणणं असं: रेषा ठरली, ती अंतिम आहे. आता खांब रोवा. त्यात बोलणी कसली?

मला विचाराल तर मोजणीच्या व्यवहारात इथियोपियाचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. जगातल्या बऱ्याच सीमांवर खांब रोवणाऱ्या पथकांना थोडी सूट दिलेली असते: एवढ्या मीटरपर्यंत सरकवायला हरकत नाही, विहीर एकाच बाजूला ठेवा, वगैरे. ड्युरँड करारातसुद्धा रेषा तपशिलात घालायचं काम संयुक्त पथकांवर सोपवताना सध्याच्या गावांचे हक्क बघा असं बजावलेलं होतं. पण ही सूट आधी लिहून द्यावी लागते. अल्जिअर्स करारात ती नव्हती, उलट तिच्याविरुद्ध अट होती. म्हणून जुलै २००२च्या सूचनांमध्ये आयोगाने स्पष्ट केलं की वस्तीतून रेषा गेली तरी ती बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन्ही देशांनी मिळून विनंती केली तरच. आकडे 'अधिक अचूक' करणं म्हणजे तीच रेषा बारकाईने शोधणं. वेगळी रेषा शोधणं त्यात येत नाही.

आणि दोन्ही देशांनी मिळून विनंती? ते एकमेकांशी बोलतही नव्हते.

मार्च २००३मध्ये आयोगाने निरीक्षणं प्रसिद्ध करून बाद्मेचा संशय संपवला. सप्टेंबरमध्ये मेलेस झेनावींनी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांना पत्र लिहून निवाडा बेकायदा आणि अन्यायाचा ठरवला. पूर्वेकडच्या टप्प्यात खांबांच्या जागांची पाहणी झालेली होती. संयुक्त राष्ट्रांनी रस्त्यांवरचे सुरुंग काढायला घेतले होते, कारण मोजणीदार सुरुंगावर पाय देऊन मोजणी करू शकत नाही. सगळं तिथेच थांबलं. माझी दुसरी बातमी ती हीच.

हे लिहिताना मला आमच्या गावची एक मोजणी आठवते. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. मोजणीदाराने तिपाईवर फळा मांडून रेषा काढली आणि जिथे दगड यायला हवा होता तिथे शेजारचे तात्या फतकल मारून बसले. माझ्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, नकाशा तुमच्या बाजूने असंल, मी कुठं नाही म्हणतोय. पण मी उठंस्तोवर दगड रोवायचा कसा, ते सायबांना विचारा." साहेबांनी चहा मागवला. त्या दिवशी दगड रोवला गेला नाही, पुढच्या वर्षी पोलीस बंदोबस्तात गेला. बंदोबस्त हा शब्द लक्षात ठेवा. अल्जिअर्स करारात त्याची तरतूद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेला २५ किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर नजर ठेवायचं काम होतं, कुणाला उठवायचं नव्हतं. २००४पासून काही काळ या मोहिमेच्या सैन्याचे प्रमुख भारताचे मेजर जनरल राजेंदर सिंग होते. ते तरी काय करणार? २००५मध्ये एरिट्रियाने मोहिमेच्या हेलिकॉप्टरना उड्डाणबंदी केली. इथियोपिया ऐकत नाही आणि जग त्याला काही म्हणत नाही, याचा तो राग होता.

दोन्ही कामांमधला खरा फरक मला इथे दिसतो. कागद आणि दगड हे त्याचं वरवरचं रूप. पहिल्या कामाला दोघांची संमती एकदाच लागते, लवाद मान्य करताना. त्यानंतर एक जण रुसून घरी बसला तरी निवाडा येतो. दुसऱ्या कामाला संमती पुन्हा लागते, रोज लागते: पथकाला वाट द्यायची, माणसं नेमायची, परवाना द्यायचा. हरलेल्याच्या हातात नकाराधिकार परत येतो.

आकड्यांचे खांब

नोव्हेंबर २००६मध्ये आयोगाने एक वेगळीच वाट काढली. जमिनीवर जाता येत नाही, तर हवाई छायाचित्रं आणि संगणकाच्या मदतीने प्रत्येक खांबाची जागा बसल्या जागी ठरवली, अक्षांश-रेखांशांची यादी केली आणि दोघांना बजावलं: वर्षभरात, ३० नोव्हेंबर २००७पर्यंत, एकत्र येऊन खांब रोवा. नाही रोवलेत तर या यादीतल्या आकड्यांनीच सीमा आखली गेली असं समजलं जाईल. मुदत गेली, खांब रोवले गेले नाहीत आणि कागदोपत्री सीमा 'डीमार्केट' झाली. जानेवारी २००८मध्ये एरिट्रियाने हे मान्य केलं, इथियोपियाने नाही. त्याच वर्षी आयोगाने गाशा गुंडाळला. जुलै २००८मध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेनाही मागे घेतली.

सीमांच्या अभ्यासकांमध्ये या 'आभासी' आखणीवर बरीच चर्चा होते. काही जण म्हणतात, हल्ली हातातल्या फोनवर अक्षांश-रेखांश काही मीटरच्या फरकाने सापडतात, मग खांब हवेत कशाला? मॅकमहॉनच्या वाटणीतून पाहिलं तर आकडे हेही शेवटी शब्दच. आयोगाने दुसरं काम केलं नाही, पहिलंच आणखी बारीक केलं आणि त्याला दुसऱ्याचं नाव दिलं. तसं करण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय नव्हता हेही खरं, आणि मला तो निर्णय भेकड वाटत नाही. पण दगड रोवताना अचूकतेइतकीच आणखी एक गोष्ट घडते. दोन्हीकडची माणसं एका जागी, एका वेळी उभी राहतात आणि कागदावर सह्या करतात. आपण मोजणीला पंच का बोलावतो? त्यांना अक्षांश कळतो म्हणून नाही.

बाद्मेत पुढची दहा वर्षं इथियोपियाचा कारभार चालू राहिला. शाळा, पोलीस, करवसुली, सगळं. कागदावर गाव एरिट्रियाचं.

शब्द कोणते वापरावेत

पोस्टकार्डाला मी उत्तर लिहिलं होतं. तेव्हा एवढंच सुचलं की पहिल्यासाठी 'सीमानिश्चिती' आणि दुसऱ्यासाठी 'सीमांकन' असं वाटून घ्यावं. अंकन म्हणजे खूण करणं, तेव्हा सीमांकन हा शब्द दुसऱ्याच कामाचा आहे. मीच तो पहिल्याला लावला होता. 'परिसीमन' हा शब्द मतदारसंघांसाठी रुळलाय, तो तिथेच राहू द्यावा. आजोबांचं उलट टपाली उत्तर आलं: आमच्या खात्यात पहिल्याला हद्द ठरवणे आणि दुसऱ्याला हद्द दाखवणे म्हणतात, एवढं सोपं असताना संस्कृत कशाला? मला अजून त्यांचंच जास्त पटतं. मथळ्यात मात्र 'सीमानिश्चिती'च बसते.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाला यातला एकही शब्द लागू पडत नाही, हेही त्या निमित्ताने कळलं. बेळगाव कुठे आहे आणि रेषा कुठून जाते याबद्दल कुणालाच शंका नाही. भांडण आहे ते ते गाव कोणाच्या वाट्याला जायला हवं होतं याचं. ती तिसरी पायरी, किंवा खरं तर पहिली: वाटप. एका अग्रलेखात आमच्याच कुणीतरी बेळगावला आफ्रिकेच्या या प्रकरणाचा दाखला दिला होता. वाचून कसंतरीच झालं.

जून २०१८मध्ये इथियोपियाचे नवे पंतप्रधान अबी अहमद यांनी २००२चा निवाडा पूर्णपणे मान्य असल्याचं जाहीर केलं. ९ जुलैला असमारात संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, त्यात सीमेच्या निवाड्याची अंमलबजावणी होईल असं कलम आहे. ११ सप्टेंबरला, इथियोपियाच्या नववर्षाच्या दिवशी, बुरे आणि झालांबेसाजवळची नाकी उघडली. वीस वर्षं तुटलेली कुटुंबं पायी चालत एकमेकांना भेटली, ते फोटो जगभर गेले. काही महिन्यांत नाकी एकेक करून पुन्हा बंद झाली, कारण कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी अबी अहमद यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२०मध्ये इथियोपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं आणि एरिट्रियाचं सैन्य त्यात इथियोपियाच्या केंद्र सरकारच्या बाजूने उतरलं. २ नोव्हेंबर २०२२ला प्रिटोरियात जो शस्त्रसंधी झाला त्यात एरिट्रिया पक्षकारच नव्हता.

२०१८च्या त्या जून महिन्यात मी निवृत्तीला आलो होतो. पानावर नवी मुलगी होती, हुशार. मथळा टाइप करता करता तिने विचारलं, "सर, 'सीमांकन मान्य' करू का?" मी म्हटलं, "निवाडा मान्य, असं कर. सीमांकन हा शब्द खांब रोवल्याची बातमी आली की वापर." तिने तो मथळा बदलला. मधून कधी भेटली की मी तिला विचारतो, आली का गं ती बातमी? ती मान हलवते.